सिरॅमिक ग्रिलचे मेज

सिरॅमिक ग्रिलचे मेज म्हणजे कामादो प्रकारच्या जाड, अंडाकृती सिरॅमिक ग्रिलला आधार देणारे आणि त्याच्या शेजारी स्वयंपाकासाठी सपाट जागा उपलब्ध करून देणारे, घराबाहेर वापरायचे मेज होय. अशा मेजाच्या पृष्ठभागात एक वर्तुळाकार भोक असते. ग्रिलचा खालचा भाग त्या भोकातून खाली उतरतो आणि मेजाच्या खालच्या फळीवर टेकतो. झाकण तेवढे पृष्ठभागाच्या वर राहते. अमेरिकेत परसातील स्वयंपाकघरांत हे मेज सर्रास आढळते आणि अनेक हौशी कारागीर ते स्वतः तयार करतात.

दिसायला हे साध्या लाकडी मेजासारखे असले, तरी त्याला सोसावा लागणारा भार व उष्णता ही दोन्ही असामान्य असतात. मोठ्या आकाराच्या ग्रिलचे वजन ७० किलोग्रॅमहून अधिक भरते आणि त्याच्या आतील तापमान ४०० अंश सेल्सियसच्या जवळ जाऊ शकते. त्यामुळे लाकूड आणि ग्रिल यांच्यामध्ये न जळणारा थर व हवेची पोकळी राखणे हा या मेजाच्या आराखड्याचा मुख्य नियम आहे. तो न पाळल्यास उत्तम सुतारकाम केलेले मेजही पेट घेऊ शकते.

पार्श्वभूमी

‘कामादो’ हा जपानी शब्द असून त्याचा अर्थ चूल असा होतो. जपानमध्ये भात शिजवण्यासाठी ‘मुशिकामादो’ नावाची, घुमटासारखे झाकण असलेली मातीची गोल चूल वापरात होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये नेमणुकीवर असलेल्या अमेरिकी सैनिकांनी अशा चुली मायदेशी नेल्या. तेथे भाताऐवजी मांस भाजण्यासाठी आणि मंद धुरावर शिजवण्यासाठी त्यांचा उपयोग होऊ लागला. एड फिशर यांनी १९७४ मध्ये जॉर्जिया राज्यातील अटलांटा येथे ‘बिग ग्रीन एग’ ही कंपनी सुरू केली. सुरुवातीच्या मातीच्या चुली वारंवार तापून व थंड होऊन तडकत असत. पुढे त्यांची जागा उच्च तापमान सहन करणाऱ्या सिरॅमिकने घेतली. २००९ मध्ये स्थापन झालेली ‘कामादो जो’ ही या क्षेत्रातील दुसरी प्रसिद्ध कंपनी आहे.

कामादो ग्रिलचा तळ लहान, आकार अंड्यासारखा आणि उंची कमी असते. उभ्याने स्वयंपाक करता यावा म्हणून ते कशावर तरी ठेवावे लागते. यासाठी चाके असलेली धातूची घडवंची मिळते; मात्र तिच्यावर ताटे, मसाले, चिमटे किंवा कापण्याची फळी ठेवण्यास पुरेशी जागा नसते. ही अडचण दूर करण्यासाठी ग्रिल मेजात बसवण्याची पद्धत रूढ झाली.

ग्रिलची रचना

मेजाचा आराखडा ग्रिलच्या रचनेवरून ठरतो. त्या दृष्टीने पुढील भाग महत्त्वाचे आहेत.

खालचे वायुद्वार: ग्रिलच्या पुढच्या बाजूस, तळाजवळ सरकते दार असते. त्यातून हवा आत येते आणि राखही येथूनच ओढून काढली जाते. राखेबरोबर निखारे व ठिणग्या याच दारातून बाहेर पडू शकतात.

पट्टा व बिजागरी: झाकण आणि खालचा भाग यांना धातूच्या पट्ट्यांनी आवळलेले असते. हे पट्टे मागील बाजूस स्प्रिंगच्या बिजागरीने जोडलेले असतात. झाकण उघडताना बिजागरीचा काही भाग मागे व खाली सरकतो, म्हणून तेथे मोकळी जागा लागते.

वरचे वायुद्वार: झाकणाच्या माथ्यावरील या दारातून धूर व गरम हवा बाहेर जाते. वरचे व खालचे दार किती उघडे आहे यावर आतील तापमान ठरते. मंद धुरावर शिजवताना ते साधारण ११० ते १३५ अंश सेल्सियस ठेवले जाते आणि असे शिजवणे बारा तासांहून अधिक काळ चालू शकते. तीव्र आचेवर भाजताना ते ३५० अंशांच्या पुढे जाते.

सिरॅमिकच्या जाड भिंती उष्णता धरून ठेवतात. त्यामुळे इंधन कमी लागते. मात्र दोन्ही वायुद्वारे बंद करून आग विझवल्यानंतरही ग्रिल कित्येक तास गरम राहते आणि मेजाला तेवढा वेळ उष्णता मिळत राहते.

आराखडा

मोजमापे घेण्यापूर्वी ग्रिल प्रत्यक्ष हाती असणे इष्ट असते. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या आकारांची मापे प्रत्येक उत्पादकागणिक वेगळी असतात. त्यामुळे दुसऱ्याच्या मेजाचा आराखडा जसाच्या तसा वापरल्यास भोक किंवा फळीची उंची चुकते. पुढील उदाहरणात ७३ किलोग्रॅम वजनाचे आणि ५३ सेंटिमीटर बाह्य व्यास असलेले ग्रिल गृहीत धरले आहे.

भोकाचा व्यास: ग्रिल तापल्यावर त्याचा बाहेरचा पृष्ठभागही हात लावता येणार नाही इतका गरम होतो. त्यामुळे भोकाची कड ग्रिलला कोठेही टेकू देत नाहीत. सर्व बाजूंनी २.५ सेंटिमीटर मोकळी जागा सोडल्यास ५३ सेंटिमीटर व्यासाच्या ग्रिलसाठी ५८ सेंटिमीटर व्यासाचे भोक लागते. उत्पादकाने याहून जास्त अंतर सांगितले असल्यास ते पाळावे लागते. या फटीतून गरम हवा वर निघून जाते. म्हणून ती शोभेसाठी लाकडी कड्याने बुजवू नये.

खालच्या फळीची उंची: खालच्या भागावरील पट्ट्याची खालची कड मेजाच्या पृष्ठभागापेक्षा थोडी वर असावी लागते. ती पृष्ठभागाखाली गेल्यास बिजागरी अडते आणि पट्ट्याचे बोल्ट आवळता येत नाहीत. फळीची उंची काढण्यासाठी पृष्ठभागाच्या उंचीत पट्ट्याखालचे अंतर मिळवून त्यातून ग्रिलच्या तळापासून पट्ट्यापर्यंतची उंची आणि तळाखालच्या फरशीची व अडणीची एकत्रित उंची वजा करतात. उदाहरणार्थ, पृष्ठभाग ८५ सेंटिमीटरवर, पट्ट्याखालचे अंतर ३ सेंटिमीटर, ग्रिलची पट्ट्यापर्यंतची उंची ४५ सेंटिमीटर आणि फरशी व अडणी मिळून १० सेंटिमीटर असल्यास फळीचा वरचा पृष्ठभाग जमिनीपासून ८५ + ३ − ४५ − १० = ३३ सेंटिमीटरवर येतो.

पृष्ठभागाची उंची: अमेरिकेत स्वयंपाकघरातील ओट्याची प्रचलित उंची ३६ इंच, म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर आहे. ग्रिलची जाळी मेजाच्या पृष्ठभागाहून वर येत असल्यामुळे या मेजाची उंची अनेकदा त्याहून कमी ठेवली जाते. 

भोकाची जागा: भोक मेजाच्या मधोमध न ठेवता एका बाजूला ठेवल्यास दुसऱ्या बाजूला सलग जागा मिळते. १५० सेंटिमीटर लांब व ८० सेंटिमीटर रुंद मेजात भोकाचा मध्य डाव्या कडेपासून ४३ सेंटिमीटरवर घेतल्यास भोकाच्या पुढे, मागे ११ सेंटिमीटर व डावीकडे १४ सेंटिमीटर पट्टी उरते आणि उजवीकडे ७८ सेंटिमीटर लांबीची मोकळी जागा मिळते. भोकाभोवतीच्या अरुंद पट्ट्या मेजातील सर्वांत कमजोर भाग असल्याने त्यांच्या खाली चौकटीचा आधार आवश्यक असतो.

भार: या मेजावरील भार एकाच बाजूला एकवटलेला असतो. ४० सेंटिमीटर लांबी-रुंदीची व ५ सेंटिमीटर जाडीची सिमेंट-काँक्रीटची फरशी सुमारे १९ किलोग्रॅम भरते. ग्रिल, फरशी, अडणी, कोळसा व आतील तबके मिळून खालच्या फळीवर सुमारे १०५ किलोग्रॅम भार येतो. तीन सेंटिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ८१ किलोग्रॅम असते. भोक वगळता वरील मापाच्या पृष्ठभागाचे वजन ७६ किलोग्रॅमच्या आसपास जाते. लाकडी चौकटीचे ४५ किलोग्रॅम आणि वर ठेवायच्या वस्तूंचे सुमारे ३० किलोग्रॅम धरल्यास एकूण भार २५५ किलोग्रॅमपर्यंत पोहोचतो. चार चाके बसवायची असल्यास हा भार चाराने नव्हे, तर तीनाने भागतात. कारण उंचसखल जमिनीवर अनेकदा तीनच चाके टेकलेली असतात. या हिशेबाने प्रत्येक चाकाची क्षमता किमान ८५ किलोग्रॅम असावी लागते.

उष्णतेपासून लाकडाचे संरक्षण

सामान्यतः लाकूड ठिणगीच्या संपर्कात २५० ते ३०० अंश सेल्सियसच्या सुमारास पेट घेते. मात्र दीर्घकाळ वारंवार तापत राहिलेले लाकूड हळूहळू करपते आणि त्याहून कमी तापमानालाही पेटू शकते. अनेक महिने काहीही न होता वापरलेले मेज सुरक्षित आहे, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

ग्रिल थेट लाकडावर ठेवणे उत्पादक निषिद्ध मानतात. लाकडी फळीवर प्रथम सिमेंटची किंवा दगडाची जाड फरशी आणि तिच्यावर लोखंडी अडणी अथवा सिरॅमिकचे पाय, अशी रचना केली जाते. या दोहोंची कामे वेगळी आहेत. फरशी खाली पडणारे निखारे झेलते. परंतु ती उष्णता पूर्णपणे रोखत नाही, केवळ तिचा प्रवास लांबवते. बारा तास चालणाऱ्या स्वयंपाकात फरशीचा खालचा पृष्ठभागही तापू शकतो. अडणीमुळे ग्रिलचा तळ आणि फरशी यांच्यामध्ये हवा खेळती राहते आणि ती उष्णता वाहून नेते. म्हणून फरशी आहे म्हणून अडणी गाळणे, किंवा अडणी आहे म्हणून फरशी गाळणे, या दोन्ही गोष्टी धोक्याच्या ठरतात.

फरशी केवळ ग्रिलच्या तळाइतकी असून चालत नाही. ती वायुद्वाराच्या पुढेही पसरलेली असावी लागते, कारण निखारे तेथेच पडतात. फरशी पुरेशी लांब नसल्यास फळीचा पुढचा भाग पोलादी पत्र्याने झाकला जातो. खालची फळी सलग न करता पट्ट्यांमध्ये फटी ठेवल्या असतील, तर त्या फटींत निखारा अडकून नजरेआड धुमसत राहू शकतो. म्हणून ग्रिलखालच्या व पुढच्या भागात फटींवर आच्छादन आवश्यक असते. त्याच कप्प्यात कोळशाची पोती, कागद किंवा पेटवण्याचे द्रव ठेवू नये.

साहित्य

लाकूड: घराबाहेर टिकणाऱ्या लाकडांत पाश्चात्त्य लाल सीडर, सायप्रस, पांढरा ओक, इपे आणि साग यांचा वापर होतो. लाल सीडर वजनाला हलके, कापण्यास सोपे व कुजण्यास विरोध करणारे असते. मात्र ते मऊ असल्याने त्यावर खुणा लवकर उमटतात. सागात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे तो ऊनपावसात टिकतो, परंतु सरस लावण्यापूर्वी जोडाची जागा पुसून तेलविरहित करावी लागते. रसायनांत मुरवलेले पाइन स्वस्त असते व चौकटीसाठी चालते; पण अन्न थेट ठेवायच्या पृष्ठभागासाठी ते वापरत नाहीत. अशा लाकडाचे उरलेले तुकडे ग्रिलमध्ये जाळल्यास विषारी धूर व राख तयार होते. आर्सेनिकयुक्त रसायनाने मुरवलेले लाकूड अमेरिकेत घरगुती वापरासाठी २००३ च्या अखेरीस उत्पादकांनी बंद केले. जुन्या बांधकामातून काढलेल्या लाकडात ते आढळू शकते.

अमेरिकी बाजारात लाकडाची नावे व प्रत्यक्ष मापे भिन्न असतात. ‘दोन बाय चार’ म्हणून विकला जाणारा तुकडा प्रत्यक्षात ३८ × ८९ मिलिमीटर आणि ‘चार बाय चार’ हा खांब ८९ × ८९ मिलिमीटर भरतो. नावावरून हिशेब केल्यास चौकटीची मापे चुकतात.

पृष्ठभाग: लाकडी फळ्यांचा पृष्ठभाग सर्वांत सोपा असतो. लाकूड दमट हवेत रुंदीच्या दिशेने फुगते व कोरड्या हवेत आकसते. म्हणून फळ्यांमध्ये ३ ते ६ मिलिमीटर फट ठेवतात. तिच्यातून पावसाचे पाणीही निथळते. ग्रॅनाइट उष्णता व डाग चांगले सहन करतो, पण जड असतो आणि त्यातील भोक कारखान्यातच कापून घ्यावे लागते. काँक्रीटचा पृष्ठभाग साच्यात ओतून घरी तयार करता येतो. भोकाच्या जागी साच्यात गोल तबकडी ठेवतात आणि तडे जाऊ नयेत म्हणून भोकाभोवतीच्या अरुंद भागांत जाळी घालतात. फरश्यांचा पृष्ठभाग प्लायवुडवर नव्हे, तर सिमेंटच्या पत्र्यावर बसवतात. जेथे पाणी गोठते अशा प्रदेशांत पाणी शोषणाऱ्या फरश्या फुटतात. तेथे पोर्सेलीनच्या फरश्या योग्य ठरतात.

स्क्रू व बोल्ट: सीडर व ओक यांतील टॅनिनमुळे साध्या लोखंडी स्क्रूंभोवती काळे डाग पडतात, तर तांबेयुक्त रसायनांत मुरवलेले लाकूड साध्या लोखंडाला लवकर गंजवते. यासाठी स्टेनलेस पोलाद किंवा जस्ताच्या रसात बुडवून मुलामा दिलेले स्क्रू वापरतात.

बांधणी

बांधणीचा क्रम सामान्यतः पुढीलप्रमाणे असतो.

१. जाड पुठ्ठ्यातून भोकाच्या मापाचे वर्तुळ कापून ते ग्रिलवरून उतरवून पाहतात. सर्व बाजूंची फट सारखी आहे आणि झाकण पूर्ण उघडते, याची खात्री लाकूड कापण्यापूर्वी केली जाते.

२. पाय एकाच लांबीचे कापून पुढची व मागची चौकट वेगवेगळी जुळवतात. गुण्या लावून कोन तपासतात आणि दोन्ही कर्ण मोजतात. कर्ण सारखे असल्यास चौकट काटकोनात असते.

३. खालच्या फळीचे आडवे वासे पायांना केवळ स्क्रूंनी जोडत नाहीत. पायाला खाच घेऊन वासा तिच्यात टेकवतात किंवा वाशाखाली पायाला लाकडी ठोकळा लावतात, म्हणजे भार स्क्रूंवर न येता थेट पायावर उतरतो. ग्रिलच्या दोन्ही बाजूंना येतील असे दोन वासे ३८ × ८९ मिलिमीटरच्या लाकडातून उभ्या कडेवर बसवतात. आडवा ठेवलेला तोच तुकडा बराच अधिक वाकतो.

४. मेज डावीकडे-उजवीकडे झुलू नये म्हणून मागील बाजूस तिरपे आधार देतात. पुढची बाजू मोकळी ठेवतात, कारण राख ओढण्याचे लांब दांड्याचे अवजार वायुद्वारात सरळ शिरावे लागते.

५. पृष्ठभागाच्या फळ्या चौकटीवर तात्पुरत्या बसवून मध्यबिंदूवर खिळा ठोकतात व त्याला बांधलेल्या पट्टीने वर्तुळ आखतात. भोक जिगसॉने कापून कड घासकागदाने गुळगुळीत करतात. कापलेल्या फळ्यांच्या मोकळ्या टोकांखाली आडव्या पट्ट्या लावतात.

६. सर्व भागांना, विशेषतः पायांच्या तळाला व कापलेल्या टोकांना, तेल किंवा बाह्य वापराचा लेप देतात. लाकूड टोकाकडून सर्वाधिक पाणी शोषते. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास आपोआप पेटू शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवतात.

७. मेज त्याच्या अंतिम जागी नेऊन पातळीत केल्यावरच ग्रिल बसवतात. प्रथम आतील तबके, जाळी व झाकण काढून वजन कमी करतात. नंतर किमान दोघांनी मिळून खालचा भाग अडणीवर उतरवायचा असतो. झाकणाची मूठ व बाजूच्या घडीच्या फळ्या हे उचलण्याचे आधार नाहीत.

जागेची निवड

कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला विषारी वायू बाहेर पडतो. म्हणून हे मेज बंद गॅरेजमध्ये किंवा सर्व बाजूंनी झाकलेल्या व्हरांड्यात वापरत नाहीत. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या अग्निसंहितेनुसार बहुकुटुंबी इमारतींच्या बाल्कनीत, छज्जाखाली किंवा इमारतीपासून १० फुटांच्या, म्हणजे सुमारे ३ मीटरच्या आत ग्रिल वापरण्यास मनाई आहे. स्वतंत्र घरांना ही अट लागू नसली, तरी भिंत, कुंपण व झाडांच्या फांद्या यांपासून अंतर राखणे आवश्यक मानले जाते.

चाकांच्या मेजाखाली फरसबंदी असावी लागते. मऊ मातीत किंवा हिरवळीवर चाक रुतल्यास मेज ग्रिलच्या बाजूला कलंडू शकते. पेटलेले ग्रिल हलवत नाहीत आणि वापर सुरू असताना चाकांचे अटकाव लावलेले ठेवतात.

वापर व देखभाल

नवे मेज वापरात आल्यावर पहिल्या काही स्वयंपाकांत भोकाची कड, फरशीखालची फळी आणि पृष्ठभागाची खालची बाजू किती तापते हे तपासले जाते. लाकूड तपकिरी होणे, करपल्याचा वास येणे किंवा फळीवर हात ठेवता न येणे ही संरक्षण अपुरे असल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी अडणीची उंची किंवा भोकाभोवतीची फट वाढवावी लागते; केवळ जाड लेप देऊन ही उणीव भरून निघत नाही.

वारंवार तापल्याने पट्ट्याचे बोल्ट सैल होतात आणि झाकण निसटून फुटू शकते; म्हणून ते ठरावीक काळाने आवळतात. कोंडलेल्या आगीला एकदम हवा मिळाल्यास ज्वाळा उसळते, त्यामुळे झाकण आधी थोडेसे उचलून, क्षणभर थांबून मग पूर्ण उघडले जाते. राखेत निखारे दीर्घकाळ जिवंत राहतात. ती पूर्ण थंड झाल्यावरच काढून झाकणाच्या धातूच्या बादलीत ठेवतात व बादली मेजापासून दूर ठेवतात.

लाकडाला वर्षातून एकदा पुन्हा तेल देतात आणि काँक्रीटच्या पृष्ठभागाचा लेप गरजेनुसार नव्याने लावतात. पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात मेज झाकताना आच्छादनाखाली हवा खेळती ठेवणे आवश्यक असते. अन्यथा अडकलेल्या ओलाव्यामुळे लाकूड पावसापेक्षा लवकर कुजते. ग्रिल पूर्ण थंड होण्यापूर्वी मेजावर आच्छादन घालत नाहीत.